हिरवा ठिपका

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये एक विद्यार्थी आहे. तो रोज दोन वेळा जेवतो, सकाळी पोहे खातो, रविवारची फीस्ट तर कधीच चुकवत नाही. महिन्याच्या महिन्याला त्याचं बिल निघतं, नोटीस बोर्डावर लागतं, न भरल्याबद्दल दंड चढतो. अडचण एकच. हा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला असतानाच कॉलेज सोडून गेला! जाताना त्यानं मेसच्या वहीत 'माझं नाव काढा' असं लिहून दिलं नाही आणि मेसच्या काकांनीही 'हा पोरगा हल्ली दिसत कसा नाही?' असं कुणाला विचारलं नाही. त्यामुळे वहीच्या दृष्टीनं तो अजून जेवतोच आहे.

मित्रांनो, आम्ही या बिलावर भरपूर हसलो. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टनं मला नेमकी हीच गोष्ट इतक्या वाईट पद्धतीनं शिकवली, की आता ते बिल पाहिलं तरी हसू येत नाही. तीच हकीकत सांगायची आहे. तांत्रिक भाग थोडा येईल. कॉम्प्युटरवाल्यांनी सांभाळून घ्यावं, सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये.

माझं गाव कडा. बीड जिल्हा, आष्टी तालुका. नगरहून बीडकडे जाणाऱ्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं असेल. (नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून अजून नगरच निघतं.) आमच्याकडे दोन गोष्टी प्रसिद्ध. एक कांद्याचा बाजार आणि दुसरा दुष्काळ. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, तेव्हा माझ्या आजीनं आयुष्यात पहिल्यांदा गावातून आगगाडी जाताना पाहिली. आम्हा होस्टेलच्या पोरांना त्या गाडीचा फायदा एवढाच, की आईनं दिलेला लाडवांचा डबा एस.टी.च्या गर्दीत चेंगरत नाही.

आमची विहीर वस्तीपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आमचे अण्णा दहा वाजता बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे, मोटार चालू करायचे, कांद्याची दारं धरायचे आणि पहाटे परत यायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील रात्री कामाला जातात.

मग २०२० चा नोव्हेंबर आला. आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घातली, तेव्हा लोकांनी श्वास सोडला. पण आईच्या मनातली भीती काही गेली नाही. अण्णा रात्री निघाले की ती दारात उभी राहायची, बॅटरीचा उजेड बांधाआड जाईपर्यंत. मी तेव्हा अकरावीत होतो. इंजिनिअर झालो की घरात बसून मोटार चालू करायचं यंत्र बनवायचं, हे तेव्हाच ठरवलं होतं.

तशी ही कल्पना काही माझी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र बनवलं. मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करायची सोय. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. पण विकत घेतलं तर प्रोजेक्टचे मार्क कोण देणार? आणि आपण केलेलं यंत्र आपल्या विहिरीवर असावं, ही हौस वेगळीच असते.

तर मंडळी, माझी रचना अशी होती. विहिरीवर स्टार्टरच्या शेजारी एक डबा. त्यात एक मायक्रोकंट्रोलर, एक सिमकार्डचा मोडेम, एक रिले, आणि लाईट गेली तरी डबा जागा राहावा म्हणून छोटी बॅटरी. दुसऱ्या बाजूला अण्णांचा मोबाईल, त्यावर मी बनवलेलं एक पान. आणि या दोघांच्या मध्ये ब्रोकर.

ब्रोकर म्हणजे काय, हे मी व्हायव्हात एक्स्टर्नलना पाठ केलेल्या व्याख्येत सांगितलं. तुम्हाला आमच्या कड्याच्या भाषेत सांगतो. ब्रोकर म्हणजे अडत्या. शेतकरी कांदा आणून त्याच्या गाळ्यावर टाकतो. घेणारा व्यापारी त्याच गाळ्यावर येतो. दोघांनी एकमेकांचं गाव, नाव, पत्ता विचारायची गरज नाही, दोघांनी अडत्याला ओळखलं की झालं. तसंच इथं. डबा 'फेज आली' असं ब्रोकरला सांगतो. 'विहिरीची बातमी मला हवी' असं ज्यानं ज्यानं सांगून ठेवलंय, त्या प्रत्येकाला ब्रोकर ती पोचवतो. उलट्या बाजूनं अण्णांनी 'मोटार चालू' दाबलं की तो हुकूम ब्रोकरमार्फत डब्याकडे जातो. ज्या भाषेत हे सगळं चालतं तिचं नाव एमक्यूटीटी. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी ती बनवली, तेलाच्या पाईपलाईनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी. उपग्रहाचा एकेक बाईट महाग, म्हणून ही भाषाही अगदी मोजकं बोलणारी. आमच्या अण्णांसारखी!

मी एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, त्यावर मॉस्किटो नावाचा फुकट मिळणारा ब्रोकर चढवला आणि दिवाळीच्या सुट्टीत डबा विहिरीवर बसवला. अण्णांच्या पानावर वर एक गोल ठिपका ठेवला. डबा जोडलेला असेल तर हिरवा, तुटला तर लाल. खाली एक मोठं बटण. अण्णांनी ओट्यावर बसून बटण दाबलं आणि लांबून मोटार उचलल्याचा आवाज आला. आईनं डब्याला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. शेजारचे दोघेतिघे येऊन विचारून गेले, "आम्हाला कितीला करून देतो?" मी हवेत होतो.

पहिली गंमत लगेच झाली. सुट्टी संपवून होस्टेलला आलो, लॅबमध्ये टेबलावर तसाच दुसरा डबा जोडला आणि चाचणीला चालू केला. तासाभरात अण्णांचा फोन, "आरं, ठिपका हिरवा-तांबडा हिरवा-तांबडा करतोय, लग्नातल्या लायटिंगवानी." रात्री बारापर्यंत डोकं खाजवलं. शेवटी रूम पार्टनरनं ब्रोकरच्या लॉगमधली एक ओळ दाखवली. तिचा अर्थ असा, की या नावाचा क्लायंट आधीच जोडलेला आहे, जुनं कनेक्शन बंद करतो. हीच ओळ दर दोन-तीन सेकंदांनी, शेकडो वेळा. मी दोन्ही डब्यांना एकच क्लायंट आयडी दिला होता! एमक्यूटीटीचा नियम असा, की एका नावाचा एकच क्लायंट. दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला उठवतो. पहिला पुन्हा येतो, दुसऱ्याला उठवतो. एका खुर्चीवर दोन वऱ्हाडी. मी टेबलावरच्या डब्याचं नाव बदललं, हसलो आणि झोपलो. ही ओळ पुढे मला पुन्हा भेटणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

जानेवारीत रात्रपाळी लागली. गावरान कांद्याची लागण नुकतीच झालेली, त्याला पाणी देणं भाग. एका रात्री दहा वाजून आठ मिनिटांनी अण्णांचा फोन आला. (वेळा इतक्या नेमक्या कशा, ते पुढे कळेल.)

"शेजारच्या मोटारी वाजाय लागल्या, म्हंजी लाईट आलीय. तुझा ठिपका हिरवाय. पाच डाव बटण दाबलं, बटण बी हिरवं झालं. पर मोटार काय उचलंना."

आम्ही तेव्हा चौघं जण कॅरम खेळत होतो. मी एका हातानं स्ट्रायकर धरून सांगितलं, "अण्णा, डबा एकदा बंद करून चालू करा."

बंद करून चालू करा! आपल्या ब्रँचचा कुलमंत्र. पण डबा विहिरीवर होता, हे बोलताना माझ्या ध्यानातही आलं नाही. अण्णा 'बरं' म्हणाले. साडेदहाला मी परत फोन केला तर म्हणाले, "चालू झाली. ठीकाय सगळं." मी पुन्हा खेळायला बसलो.

पंधरा दिवसांनी घरी गेलो. कड्याच्या स्टेशनवर अण्णा मोटारसायकल घेऊन आले होते. घरी चहा पिताना त्यांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा आणि पहिलं बोट काळपट, कातडं निघून नवं आलेलं. "काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई, चुलीवर भाजलं." अण्णा आणि चूल! चूल कुठल्या भिंतीला आहे हेही त्यांना नक्की सांगता आलं नसतं. रात्री आईनं सांगितलं. त्या रात्री ते विहिरीवर गेले. मी सांगितल्याप्रमाणे डबा बंद करून चालू केला. काही होईना, म्हणून स्टार्टरचं झाकण काढलं आणि फ्यूज उडालाय का ते टेस्टरनं बघत होते. टेस्टर आत असतानाच स्टार्टरनं आपोआप खटकन उडी घेतली. मोठी ठिणगी उडाली, टेस्टर हातातून फेकला गेला आणि ते मागे पडले. विहिरीच्या बाजूला नाही पडले, एवढंच नशीब.

"तुला सांगू नको म्हणले होते," आई म्हणाली. "पोराचं प्रोजेक्ट हाय, त्याचं मन मोडंल म्हणले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळच्याच गाडीनं परतलो आणि लॉग उघडून बसलो. ब्रोकर सगळं लिहून ठेवतो. एक्कावन्न मिनिटं आधीपासूनच्या ओळी काढल्या आणि वहीत मांडल्या.

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनंतर डब्याकडून एकही शब्द नाही.
दहा वाजून चार मिनिटांनी अण्णांचा पहिला 'चालू'. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा.
दहा वाजून सतरा मिनिटांनी ती ओळ : या नावाचा क्लायंट आधीच जोडलेला आहे, जुनं कनेक्शन बंद करतो.
आणि त्याच सेकंदाला ब्रोकरनं डब्याकडे पाच हुकूम पाठवले. चालू. चालू. चालू. चालू. चालू.

दहा सतराला अण्णांचा हात स्टार्टरमध्ये होता.

आता हे झालं कसं? आपण 'कनेक्शन' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर वायर येते. वायर तुटली की दोन्ही टोकांना कळतं, असं वाटतं. पण टीसीपीचं कनेक्शन म्हणजे वायर नव्हे. ती दोन वह्यांमधली दोन नोंदी. एक डब्याच्या वहीत, एक सर्व्हरच्या वहीत. दोघांनी नीट निरोप घेतला तर दोन्ही नोंदी खोडल्या जातात. एक टोक न सांगता गेलं, तर दुसऱ्या टोकाची नोंद तशीच राहते. आमच्या मेसच्या वहीसारखी! याला अर्धं उघडं कनेक्शन म्हणतात आणि १९८१ च्या टीसीपीच्या मूळ कागदपत्रातच त्याचा उल्लेख आहे. म्हणजे रोग जुना, रोगी तेवढा नवीन.

शिवाय मोबाईलच्या जाळ्यात मध्ये तिसरी वही असते. हजारो सिमकार्डं मिळून मोजके पत्ते वापरतात, म्हणून कोणाचं बोलणं कोणाकडे जातंय याची नोंद कंपनीचं यंत्र ठेवतं. बराच वेळ कोणी बोललं नाही की ते नोंद खोडून टाकतं, दोन्ही टोकांना न सांगता. अशा चालू कनेक्शनची नोंद किमान दोन तास चार मिनिटं ठेवावी, अशी २००८ ची शिफारस आहे. पण प्रत्यक्षात सगळीकडे ती पाळली जातेच असं नाही. मी नंतर माझ्या सिमवर प्रयोग केला. चार मिनिटं गप्प राहून बोललो तर पोचत होतं. आठ मिनिटं गप्प राहून बोललो तर नाही.

यावर उपाय एमक्यूटीटीतच आहे. त्याला म्हणतात कीप अलाइव्ह. जोडताना क्लायंट सांगतो, की मी इतक्या सेकंदांत एकदा तरी आवाज देईन. सांगायला काही नसेल तर नुसता दोन बाईटचा 'पिंग'. ब्रोकर त्या वेळेच्या दीडपट वाट बघतो. तरी आवाज नाही आला, तर हा गेला असं समजून कनेक्शन तोडतो आणि त्यानं जोडताना देऊन ठेवलेलं मृत्युपत्र जाहीर करतो. हो, त्याचं नाव खरंच 'लास्ट विल' आहे. माझ्या डब्याचं मृत्युपत्र होतं, 'ठिपका लाल करा'.

मी कीप अलाइव्ह किती ठेवला होता? ३६०० सेकंद. म्हणजे एक तास. का? तर डेटा वाचावा म्हणून! दीडपट म्हणजे दीड तास. डबा मेला तरी ठिपका दीड तास हिरवा राहणार, याची सोय मी माझ्या हातानं केली होती.

सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते एवढंच म्हणाले, "आधी तोच आजार पुन्हा पाडून दाखव. मग औषध." मग आम्ही मेसमधून आमटीचं मोठं पातेलं आणलं. डब्याच्या अँटेनाला अॅल्युमिनियमची फॉईल गुंडाळली, डबा पातेल्यात ठेवला, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. रेंज गेली. स्क्रीनवर ठिपका हिरवा. आम्ही चहा पिऊन आलो, हिरवा. जेवून आलो, हिरवा. मेसचे काका पातेलं मागायला आले तरी हिरवा! दीड तासानं लॉगमध्ये ओळ आली, की क्लायंटची मुदत संपली, तोडत आहे. तेव्हा कुठे ठिपका लाल झाला. तो दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. पातेल्यात मेलेला डबा आणि स्क्रीनवर त्याचा हसरा हिरवा चेहरा.

मग एकेक गाठ सुटत गेली.

नऊ सव्वीसनंतर शांतता होती. मधल्या वहीतली नोंद खोडली गेली. दहाला फेज आली, डब्यानं तशी बातमी पाठवलीसुद्धा. मोडेम म्हणाला 'पाठवली'. पण 'पाठवली' म्हणजे नुसती मोडेमच्या पोटात टाकली. पोचली का, हे विचारायला मी कोडमध्ये जागाच ठेवली नव्हती. इकडे अण्णांनी बटण दाबलं. ब्रोकर म्हणाला 'मिळालं' आणि माझ्या पानानं बटण हिरवं केलं. इथे माझी सर्वात मोठी चूक होती. ब्रोकरची पोच म्हणजे अडत्याची पावती. माल गाळ्यावर आला, एवढाच तिचा अर्थ. व्यापाऱ्यानं उचलला, असा नव्हे. मी अडत्याच्या पावतीलाच पट्टी समजलो.

ब्रोकरनं हुकूम मेलेल्या कनेक्शनवर टाकला. पोच येईना, म्हणून सर्व्हरचं लिनक्स तेच पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं. त्याचा चिवटपणा जबरदस्त. नेहमीच्या सेटिंगला हार मानायला पंधरा मिनिटांच्या वर घेतं. अण्णा तेराव्या मिनिटालाच विहिरीवर डबा बंद-चालू करत होते, म्हणून तोवर भूत वहीत जिवंतच होतं. डबा नव्यानं जोडला गेला, भुताला उठवलं, आणि मी 'एकही हुकूम हरवता कामा नये' म्हणून जपून ठेवायला सांगितलेले पाचही शिळे हुकूम ब्रोकरनं इमानदारीनं पोचते केले. बारीक सारीक सगळं बरोबर चाललं होतं. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं. फक्त कोणालाच माहीत नव्हतं, की तिकडे एक माणूस टेस्टर घेऊन उभा आहे.

दुरुस्त्या सांगतो. पुढच्या वर्षी कोणी असा प्रोजेक्ट घेतला तर उपयोगी पडतील.

कीप अलाइव्ह १२० सेकंद केला. माझी डेटाची कंजुषी किती मूर्खपणाची होती, त्याचा हिशोब करा. एक पिंग आणि त्याचं उत्तर, टीसीपीचा लवाजमा धरून साधारण दीडशे बाईट. दिवसाला ७२० वेळा. म्हणजे दिवसाला शंभर केबीच्या आसपास, महिन्याला तीन एमबी. आमच्या भावकीच्या ग्रुपवर सकाळी येणारे गुड मॉर्निंगचे फोटो एका दिवसात याहून जास्त होतात. तेवढ्यासाठी मी अण्णांचा हात...

असो.

हुकुमाला वय दिलं. 'चालू' वीस सेकंदांपेक्षा शिळा असेल तर डबा तो फेकून देतो. एमक्यूटीटीच्या २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत ही सोय तयारच आहे, पण माझ्या डब्यातली लायब्ररी जुनी, म्हणून हुकुमातच वेळ लिहिली. ज्या गोष्टीला वेळेचं महत्त्व आहे, ती उशिरा पोचण्यापेक्षा न पोचलेली बरी. परीक्षेनंतर मिळालेल्या नोट्ससारखी.

बटण आता ब्रोकरच्या पोचेवर हिरवं होत नाही. मोटारीच्या वायरवर करंट मोजणारी सीटी बसवली. करंट खरंच वाहिला आणि तो आकडा उलट फिरून पानावर आला, तरच बटण हिरवं. तेव्हा मला नॅनो गणेशचं मोल कळलं. फोनवरच्या माणसाला पलीकडचं उत्तर त्याच कॉलमध्ये मिळणं, ही साधी गोष्ट वाटते. मी नवीन तंत्राच्या नादात तेवढंच नेमकं गमावलं होतं.

क्लायंट आयडी चिपच्या स्वतःच्या नंबरावरून तयार होतो. खुर्चीची भांडणं बंद.

आणि शेवटची, खरं तर पहिली दुरुस्ती. ती सुचवली आमच्या गावच्या वायरमनमामांनी. त्यांना ब्रोकर, पिंग, काही माहीत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला विचारलं, "झाकण उघडल्यावर तुझा डबा स्टार्टरला हात लावू शकतो का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग तू मशीन न्हाई, सापळा केलाय." त्यांनी पेटीवर दोन बाजूंचा खटका बसवला. एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला हात. खटका हाताकडे फिरवला की डब्याची वायरच तुटते. मग ब्रोकरनं पाच काय, पाचशे हुकूम पाठवू दे. आणि झाकण उघडायच्या आधी मेन स्विच खाली ओढायचा, हे त्यांनी अण्णांनाही चार शब्द सुनावून सांगितलं. सर म्हणाले, "रिपोर्टमध्ये हा खटका पहिल्या पानावर टाक. बाकी सगळं नंतर."

पानावरचा ठिपकाही मी काढून टाकला. त्याऐवजी आता एक ओळ येते : 'विहिरीचं शेवटचं बोलणं ४० सेकंदांपूर्वी.' हिरवा ठिपका म्हणतो, सगळं ठीक आहे. ही ओळ तसं म्हणत नाही. ती फक्त आपल्याला काय माहीत आहे आणि कधीपासून माहीत आहे, तेवढंच सांगते. ठीक आहे की नाही, ते बघणाऱ्यानं ठरवावं.

प्रोजेक्ट पूर्ण झालं, मार्कही बरे पडले. पण एक गोष्ट रिपोर्टमध्ये लिहिता आली नाही, ती इथे लिहितो.

चार वर्षं मी दर रविवारी घरी फोन करतोय. "कसं चाललंय?" "ठीकाय." "तब्येत?" "ठीकाय." "पाणी?" "हाय की." दोन मिनिटांत फोन बंद. मला वाटायचं, माझं घराशी कनेक्शन चालू आहे. एमक्यूटीटीत एक सोय असते. ब्रोकर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि जो कोणी नव्यानं विचारेल त्याला तोच देतो. तो निरोप कालचा आहे की गेल्या पावसाळ्यातला, हे तो सांगत नाही. आमच्या घरचं 'ठीकाय' तसं होतं. अण्णांची बोटं भाजली त्या रात्रीही मला 'ठीकाय'च मिळालं, आणि ते घेऊन मी कॅरम खेळायला बसलो. डब्याला पोच विचारायला मी विसरलो होतो हे लॉगनं दाखवलं. अण्णांना विचारायला विसरलो होतो, त्याचा लॉग कुठे असतो?

यावर मी काही मोठा उपाय केलेला नाही. अण्णांना मनातलं बोलायला लावणं कोणत्याही प्रोटोकॉलला जमणार नाही. एवढंच ठरवलंय, की रात्रपाळीच्या आठवड्यात ते शेतातून घरी आले की एक मिस्ड कॉल देतात. उचलायचा नाही, बोलायचं नाही. पैसे शून्य. दोन बाईटचा पिंगच तो! नेहमीच्या वेळेनंतर अर्धा तास झाला आणि वाजला नाही, तर मी शेजारच्या काकांना उठवतो. आतापर्यंत एकदाच उठवलं. अण्णांच्या मोबाईलची बॅटरी उतरली होती. काकांनी मला दोन शिव्या दिल्या, पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उठवत जा."

आणि फोनवर मी आता 'कसं चाललंय' विचारत नाही. ज्याचं उत्तर 'ठीकाय' येऊच शकत नाही असं काहीतरी विचारतो. कालच विचारलं, "अण्णा, बोटाचं कातडं आता कसं दिसतंय?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नवं आलंय. पर कांद्याची पात खुडताना अजून चुरचुरतंय."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला कुठे दुखतं ते सांगितलं.

मित्रांनो, आज रात्री मेसमधून आल्यावर घरी फोन लावा. आणि जाताना नोटीस बोर्डावरचं ते बिलही एकदा वाचा. त्या मुलाचा नंबर कोणाकडे असेल तर मला द्या. तो कसा आहे, हे त्या वहीला माहीत नाही.